मोहिनीच्या रुखवतातला पलंगपोस

"यातले तुहे कोणते?" हातात कात्री घेऊन, पुढ्यात पसरलेल्या पलंगपोसाकडे बघत मनकर्णाबाईंनी विचारलं. आई कौतुकानं विचारते आहे असंच रूपालीला आधी वाटलं.

मांडवात रुखवताची टेबलं लागली होती. लाडू, करंज्या, रंगीत साखरेचं तुळशीवृंदावन, सगळं मांडून झालं होतं. मधली जागा तेवढी मोहिनीच्या पलंगपोसासाठी राखली होती. नालवाडीच्या या घरात नवरी मोहिनी आणि थोरली रूपाली, दोघी बहिणींनी हिवाळाभर बसून तो क्रोशानं विणला होता. सगळा एकाच दुधी दोऱ्याचा, चौकोनाला चौकोन जोडलेला.

"काऊन?" रूपालीनं विचारलं.

मनकर्णाबाईंनी मान खाली घातली. उत्तर पंचफुलामामीनं दिलं. दुसऱ्याच्या घरातलं अवघड बोलणं मामीला फार सोपं जायचं.

"हे पाह्य रूपाली, राग नको धरू. हा नवरा-नवरीच्या पलंगावर अंथरतेत. सासर सोडून आलेल्या बाईचा हात त्याले लागू नये. चार-दोन चौकोन असतीन तुहे, काढून टाकू. बाकीचे घेऊ जोडून."

रूपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिरडचं सासर तिनं सोडलं ते मार खाऊन खाऊन, आणि हे आईला आणि मामीला पक्कं ठाऊक होतं. तिला आणायला गेलेल्या गाडीत तर ही मामीच ड्रायव्हरशेजारी बसली होती.

"आई, तू बोल. तुले बी असंच वाटते का?"

"मले काय वाटते ते कोण इचारते?" मनकर्णाबाई पुटपुटल्या. "उद्या पोरीचं काही झालं त माह्यावर येईन. सांग न व बाई, कोणते ते."

मामीचं बोलणं रूपालीनं एक वेळ गिळलं असतं. आईचं गिळवेना.

"तुले वळखू येत नाई? मंग आयक. ज्याच्या मधात छेद हाये, तो मोहिनीचा. ती साखळीचं कडं करते आन् त्याच्यात खांबाचे टाके घालते, म्हणून छेद राह्यते. फेरी जिथं जोडते तिथूनच वर चढते, म्हणून मधातून काठापर्यंत रेघ दिसते. माह्या चौकोनाले छेद नाई. मी दोरा बोटाले गुंडाळते, खांब घालते, आन् टोक ओढून बंद करते. फेरी सुईनं जोडते आन् दुसरी दुसऱ्याच कोपऱ्यातून काढते. कुठं सुरू झाली, कुठं संपली, कोणाले सापडत नाई."

मनकर्णाबाई ओळीवर बोट फिरवू लागल्या. छेद. बंद. छेद. बंद. त्यांनी खालची ओळ पाहिली, मग पार काठापर्यंत पाहिलं. दोघींनी वाटणीच तशी केली होती, एक तुझा, एक माझा.

"अव माय! हे त अर्धे हायेत," मामी म्हणाली.

"राहू दे मंग," मनकर्णाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "राहू दे तसाच. पाह्यणाऱ्याले काय समजते?"

"वा!" रूपालीनं त्यांच्या हातातली कात्री ओढून घेतली. "माह्या हाताचा इटाळ होते, पण माह्या हाताचं काम पाह्यजे!"

कुणी अडवायच्या आत ती खाली बसली आणि सांधे कापू लागली. तिला रडूसुद्धा येईना, एवढा संताप झाला होता. एकेक चौकोन सुटून तिच्या मांडीवर पडत होता. मनकर्णाबाई 'नको व, नको व' करत राहिल्या आणि मामी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून उगाचच हसत राहिली. शेवटी उरले ते कोपऱ्यांनी एकमेकांना कसेबसे धरून असलेले मोहिनीचे चौकोन. रूपालीनं ते जाळं आईसमोर टाकलं आणि आपले चौकोन पदरात घेऊन उभी राहिली.

"घे. मांड आता."

मामीनं ते पटकन गोळा केलं आणि टेबलाखाली सारलं. तेवढ्यात शालू नेसलेली मोहिनी बाहेर आली. तिनं टेबलावरची मधली रिकामी जागा पाहिली, ताईचा पदर पाहिला.

"काय करून राह्यल्या तुमी? पलंगपोस कुठं हाये?"

"टेबलाखाली," रूपाली म्हणाली. "माह्या हातचे काढले. अपशकून होते म्हणे तुह्या संसाराले."

मोहिनी आईकडे बघत राहिली. मग मोहिनी शालूसकट वाकली, टेबलाखालचं ते जाळं ओढून काढलं आणि मधल्या जागेवर नीट पसरलं. चारी काठ हातानं सारखे केले.

"उचल ते, पोरी," मनकर्णाबाई कळवळल्या. "ते लोक येऊन राह्यले."

"हात लावू नको, आई."

ते लोक आलेच. नवरदेवाकडच्या, सेलूच्या बायका वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशातून रुखवत बघायला आल्या, पुढे नवरदेवाची आत्या अनुसयाबाई. लाडूंचं कौतुक झालं, तुळशीवृंदावनाचं झालं. पलंगपोसापाशी अनुसयाबाई थांबल्या. चष्मा सारखा करून त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"ही जाळी नवीनच हाये व. आमच्याकडं कोणी अशी करत नाई. कशी घातली?"

"पोरीले लय हौस जी," मामी पुढे सरसावली. "मोबाइलवर पाह्यते आन्..."

"मामी, चूप राह्य," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला तशा मागच्या बायका पुढे आल्या. "जाळी नाई हे, आत्याबाई. हे मधात मधात रिकामं दिसते न, ते सारं माह्या ताईचं हाये. सासर सोडून आली म्हणून तिचे चौकोन काढाले लावले आमच्या घरच्यायनं. पाह्यून घ्या नीट. मले न्यायचं असन, त हे बी न्या लागन. असंच."