भाव चढेपर्यंत

आचलने मान खाजवून रक्त काढलं, तेव्हा हेमराज बाजेवर बसून मोबाइलवर परदेशातल्या कापसाचे भाव बघत होता.

अल्लीपुरातलं त्याचं घर तीन खोल्यांचं. त्यातल्या दोन खोल्यांत आढ्यापर्यंत कापूस. दिवाळीपासून पडून होता, आणि उन्हं तापू लागली तसे त्यात बारीक किडे झाले. अंगाला लागले की खाज, आग, फोड. ज्योत्स्ना कडुनिंबाचा पाला उकळून थकली. पण नवरा हट्टाला पेटला होता. दरवर्षी आपण घाईने विकायचं, मग शेठ लोक तोच माल चढ्या भावाने बाहेर देशात धाडणार आणि त्यांची चांदी होणार! यंदा ते नाही. आचलला सावंगीच्या कॉलेजात नर्सिंगला घालायचं होतं, सगळी मदार याच कापसावर होती.

"बाबा, मले बसवत नाई. अभ्यास कसा करू?" आचल रडकुंडीला आली. बारावीची परीक्षा तोंडावर होती.

"थोडी कळ काढ माय. भाव चढून राह्यला."

"चढू द्या तुमचा भाव!" ज्योत्स्ना कडाडली. "जिच्यासाठी ठेवला, तिलेच खाऊन राह्यला तो कापूस!"

हेमराजचा हट्ट तिथेच संपला. सकाळी त्याने गाडी भरली.

हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यावर मालक चंदनशेठने कापूस हातातसुद्धा घेतला नाही. तो हेमराजच्या लाल झालेल्या हातांकडे बघत राहिला.

"घरी लेकरायलेही त्रास होऊन राह्यला का, भाऊ?" त्याने हळूच विचारलं.

हेमराजला भरून आलं. एवढ्या दिवसांत परक्या माणसाने पहिल्यांदाच विचारपूस केली होती. मग तो बोलतच सुटला. पोरीचं सांगितलं, शेजारच्या नानाजीच्या नातवांचं सांगितलं. "घरोघरी कापूस भरून आहे शेठ, अन् घरोघरी लेकरं खाजवून राह्यली. बाया रोज भांडतात."

शेठने सगळं शांतपणे ऐकलं. हेमराजसाठी चहा मागवला. मग फोन उचलून मुंबईच्या निर्यातदाराला म्हणाला,

"बाहेरची ऑर्डर घेऊन टाका, साहेब. शेतकऱ्यांना भाव वाढवून द्यायची गरज नाही, उलट उद्यापासून उतरवतो. अल्लीपूरच्या घराघरांत खाज सुटली आहे, माल आता आपोआप येईल."