मागचा लाइट

ही गोष्ट लिहिणारच नव्हतो, कारण ती अंकुशची आहे आणि तो स्वतः कोणाला सांगत नाही.

त्याच्या दोस्ताला, चंद्रकुमारला, राइस मिलमध्ये रात्रपाळी लागली. दोघं मोहाडीच्या बाजारात सायकलचा स्वस्त लाइट पाहायला गेले. रस्त्यात रानडुकरं आडवी येतात, म्हणून अंकुशनं लांबवर उजेड टाकणारा पुढचा लाइट निवडला. दुकानदारानं चाळीस रुपयांचा मागचा लाल लाइटही दाखवला.

"हा बी घेऊ का?" चंद्रकुमारनं विचारलं.

"कायले बे? डुक्कर का मागून हॉर्न वाजवत येते?"

दुकानदारसुद्धा हसला.

आठव्या दिवशी रेतीचा टिप्पर मागून आला.

दवाखान्यात चंद्रकुमारच्या उजव्या गुडघ्याखाली चादर सपाट पडली होती. अंकुश म्हणाला, "डायवर म्हणते, सायकल दिसलीच नाही."

"खरं बोलून राहिला तो," चंद्रकुमार म्हणाला. "मले मात्र पुढचं एकदम साफ दिसत होतं, गड्या."

अंकुशला त्याच्याकडे पाहवेना.

"तू जिथं म्हणशीन तिथं नेईन तुले," तो म्हणाला. "पायडल मी मारीन. तू पुढं डंड्यावर बसजो. मागं मी राहीन."