अर्ध्या खाचेतली केबल

लॅपटॉपच्या पडद्यावर शिल्लक वेळ दिसत होता. एक तास छत्तीस मिनिटं. रणजितनं घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

"एवढा वेळ?" उल्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मुक्ताईची शाळेची बस पावणेएकला येते."

"नऊ वर्षांचे फोटो आहेत. दोनशे जीबी."

घटस्फोटाचा निकाल लागून तीन महिने झाले होते. मुलीला, मुक्ताईला, महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी भेटायचं, तेही बाहेर, घरी नाही, असं दोघांनी कबूल केलं होतं. आज गुरुवार होता. फोटोंची हार्ड डिस्क वारज्याच्या ह्या फ्लॅटमध्येच राहिली होती. लॅपटॉप आणि केबल त्यानं आणली होती.

उल्का टेबलापाशी आली. डिस्कची खाच रुंद होती. जुन्या मोबाइलच्या चार्जरची पांढरी केबल तिच्या अर्ध्याच भागात बसवली होती. उरलेला अर्धा भाग रिकामा.

"ही चार्जरची आहे."

"केबलनं काय फरक पडतो?"

"हे तू विचारतोयस? मी एकदा अशीच लावली होती, तर पाहुण्यांसमोर अर्धा तास अक्कल शिकवली होतीस."

तिनं टेबलाचा खण उघडला, डिस्कबरोबर आलेली रुंद टोकाची केबल काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. त्यानं कॉपी थांबवली, केबल बदलली, पुन्हा सुरू केली. आकडा दोन-तीनदा हलला आणि स्थिरावला. पंचवीस मिनिटं.

"लांबून बघितलं असतं नुसतं," तो म्हणाला. "बसमधून उतरताना."

"आणि तिनं तुला बघितलं असतं. गेल्या वेळी भेटून आली, तर दोन दिवस धड जेवली नाही. तू तिला पोचवून गेलास, घरी जाऊन झोपलास."

"झोपलो नाही."

"मग आपण तिघंही दमलोय." तिचा आवाज चढला नव्हता.

पडद्यावर तेवीस मिनिटं उरली होती.

"चहा घेणार?" तिनं विचारलं.

"होईल तेवढ्यात?"

ती घड्याळाकडे बघून आत गेली. आधण ठेवलं, गॅस पेटवला आणि ज्योत अगदी बारीक केली.