बचावाची शहात्तर पाने

परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी अखंड आहे, असे सरकारपक्षाने ठासून सांगितले होते. साखळीत कडी मात्र एकच होती: कडूबा मयत सर्जेरावला मोटारसायकलवर मागे बसवून वाटूर फाट्याकडे नेताना एकाला दिसला. तेवढ्यावर कडूबाला खुनाबद्दल जन्मठेप झाली.

खालच्या न्यायालयात त्याचे वकील अंगदरावच होते. उच्च न्यायालयातल्या अपिलात त्यांनी त्या कडीचा भुगा केला. मावळतीचा प्रकाश, रस्त्यावरची धूळ, साक्षीदाराचा जुना चष्मा, जोडीला एकेचाळीस निवाडे. खालच्या न्यायालयात आरोपीने प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" एवढेच उत्तर दिले होते. त्यावर तर मौनाच्या अधिकाराचे नऊ पानी चिंतन होते, लॅटिन अवतरणांसह. न्यायमूर्तींनी भाषेचे कौतुक केले आणि अपील फेटाळले.

निकाल सांगायला अंगदराव तुरुंगात गेले. तिथेही त्यांना राहवले नाही. चष्म्याचा परिच्छेद त्यांनी कडूबाला चालीवर वाचून दाखवला.

"लई बराबर लिव्हलंय, साहेब," कडूबा म्हणाला.

"मग आपण कमी पडलो कुठे, कडूबा?"

कडूबाने मान खाली घातली.



"कबूल करतो साहेब, चूक माझीच हाये. मला फटफटी चालवताच येत न्हाई, ह्ये सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण तुम्ही म्हनले, 'तू गप्प बस, मी बोलतो,' मंग मी गप बसलो."