साठावी खोली

"हे सुटल्याशिवाय सही करणार नाही. सांगून ठेवलंय तुला."

मास्तरांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. बायको दारातच उभी होती, कारण खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर मास्तरांचे शर्ट बसले होते. तिच्या हातात घटस्फोटाचे कागद होते. उद्या अकराच्या आत ते कोर्टात पोचले नाहीत तर तारीख हुकणार होती आणि पुढची तारीख सहा महिन्यांनी मिळणार होती. आणखी सहा महिने या माणसाची बायको म्हणवून घ्यायची तिची तयारी नव्हती. त्यांनी घर सोडून ही खोली घेतल्यापासूनच्या चार महिन्यांत तिची ही चौथी खेप. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "एका वेळी एकच काम."

काम म्हणजे व्हिडिओ गेम. साठ बंद खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडी ठोकळे. ते ढकलता येतात, ओढता येत नाहीत. एक जरी भलतीकडे गेला तरी वाट बुजलीच. ठरलेल्या चालींत दार उघडलं की एक अचीव्हमेंट मिळते, पडद्यावरचं पदकच म्हणा. सहा वर्षांत मास्तरांच्या नावावर एकोणसाठ जमल्या होत्या. साठावी मात्र काही केल्या हाती लागत नव्हती.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेबाहेर स्वतःच्या डोक्याचं कौतुक सांगायचे. दातांच्या डॉक्टरांनाही त्यांनी ते ऐकवलं होतं, तोंडात नळी असताना. अडलेला डाव तसाच सोडून झोपायचं आणि सकाळी उठून पाहायचं, की दोन मिनिटांत वाट मोकळी. "माझं सकाळचं डोकं!" ते म्हणायचे. "झोपेतसुद्धा मेंदू काम करतो. अर्थात, मुळात तो असावा लागतो." एवढं बोलून ते बायकोकडे बघायचे. ती एका गोदामात ट्रक भरण्याची आखणी करायची. कुठला माल आधी चढवायचा, कुठला शेवटी, हे तिच्या कागदावरून ठरायचं. मास्तर तिची ओळख करून देताना "ही खोकी रचते" एवढंच सांगायचे.

इथे राहायला आल्यापासून सकाळच्या डोक्याने संप पुकारला होता. मास्तरांनी आधी गादीला दोष दिला, मग शेजारच्या नळाला. आज बायको आयतीच समोर होती.

"तुझ्यामुळे अडलंय सगळं," ते म्हणाले. "दर महिन्याला कागद नाचवत येतेस. डोक्याला शांतता आहे का?"

तिने पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं. कागद पलंगावर ठेवले आणि त्यांच्या हातातला कंट्रोलर काढून घेतला.

"ए, हात लावू नकोस! खोकी नाहीत ती!"

तिने डाव पुन्हा पहिल्यापासून मांडला. मास्तर जो मोठा ठोकळा शेवटासाठी राखून ठेवत होते, तोच तिने सर्वांत आधी कोपऱ्यात सारला. मग तिचे अंगठे भराभर चालू लागले. एकोणीस चाली झाल्या आणि दार उघडलं. पडद्यावर आलं, साठपैकी साठ.

मास्तरांना आनंद झाला नाही. ते तिच्या अंगठ्यांकडे बघत होते.

"कुठलं बटण कशाचं, हे तुला कसं ठाऊक?"

"पाच वाजता उठून मी नुसतं दूध तापवत होते, असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "तुझं कोडं अडलं की तू घर डोक्यावर घ्यायचास. दोन-दोन दिवस तोंड फुगवून बसायचास. म्हणून पहाटे डाव नव्याने मांडून पहिले चार-पाच ठोकळे मी सरकवून ठेवायचे. तेवढं केलं की पुढचं तुला दिसायचं, आणि आधीचंही रात्री आपणच सरकवलंय असं वाटायचं. प्रेमाबिमानं नाही हं. मला सुखानं दोन घास खायचे असायचे."

"खोटं बोलतेस," मास्तर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. त्यांनी यादी उघडली. एकेक अचीव्हमेंट वर सरकू लागली आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. कुठली आपली आणि कुठली नाही, हे त्यांना ओळखता येईना.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सही कर, मग सांगते."

चार महिने ताटकळत ठेवलेले कागद मास्तरांनी गुडघ्यावर घेतले आणि तिन्ही ठिकाणी सही केली. एक ओळही वाचली नाही. तिने प्रत्येक सही तपासली, कागद पिशवीत घातले आणि पिशवीची चेन लावली.

"आता सांग. साठातल्या तुझ्या किती?"

"तुझ्या किती, ते विचार," चपला घालत ती म्हणाली. "नऊ."