फितूर कोण?

"फितूर कोण, ते सांग," तोंडी परीक्षेसाठी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले आणि शेजारी बसलेल्या मराठीच्या सरांनी चमकून मुलीकडे पाहिले.

नेमलेल्या त्या जुन्या कादंबरीत सरकारशी भांडणारा मुलगा चोरून घरी येतो आणि पकडला जातो. खबर कोणी दिली, हे लेखकाने उघड केलेले नाही. गाईडने मात्र 'नोकर' असे ठोकून दिले होते. समोरच्या मुलीच्या वाट्याला हाच प्रश्न येऊ नये, असे सरांना मनापासून वाटत होते. तिच्या भावालाही मागच्या वर्षी असेच घरातून उचलून नेले होते. तेव्हापासून ती शाळेत फारशी आली नव्हती, लेखीत जेमतेम काठावर होती. आज तोंडीत घसरली, तर वर्ष गेलेच.

"नोकर म्हणालीस तर शून्य देईन," परीक्षक म्हणाले. "सकाळपासून ऐकून कान किटलेत माझे."

मुलीने बाहीचे टोक मुठीत घट्ट धरले.

"आई."

परीक्षक पुढे झुकले. पुस्तकात आधार काय, असे त्यांनी विचारले.

"त्या संध्याकाळी तिनं त्याचं ताट घेतलंच नाही. पिशवी मात्र भरून ठेवली होती. गरम कपडे, वर खोकल्याचं औषध. दार वाजायच्या आधीच."

सरांना तो प्रसंग काही केल्या आठवेना. त्यांनी चोरून परीक्षकांकडे पाहिले. ते जाणकारासारखी मान डोलावत होते. मग सरांनीही डोलावली.

"म्हणजे ती दुष्ट?"

"नाही. पळत राहिला तर कुठेतरी गोळी लागून मरेल, तुरुंगात निदान जगेल, असं वाटलं तिला." मुलीचा आवाज खोल गेला. "घरात कुणाला कळलं नाही, असंही वाटतं तिला."

मग परीक्षकांनी पूर्ण गुण लिहिले आणि पुस्तक असे वाचायचे असते, हे सरांना ऐकू जाईल अशा बेताने बजावले.

सर तिला सोडायला दारापर्यंत गेले. मनावरचे ओझे उतरले होते. त्या जागी आता शरम होती. इतकी वर्षे शिकवूनही ते पान आपल्या नजरेतून निसटले कसे? अखेर त्यांनी विचारलेच.

"ताटाचा तो प्रसंग कुठल्या प्रकरणात आहे गं?"

मुलीचा हात कडीवर थबकला.

"पुस्तक वाचणं झालंच नाही, सर. आणि जरा हळू बोला. आई बाहेर बसली आहे."