सगळ्यात गाजलेला प्रसंग

"हैबतरावांनी पडद्यावर काय नाही केलं!" सूत्रसंचालन करणारी पुण्याची ऋतिका माईकवरून सांगत होती. "उलट्या काळजाचा पाटील केला, वेडा मास्तर केला, लेकीच्या चितेपुढं न रडणारा बाप केला. पण महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं ते धनगर म्हणून."

कोळवणच्या फार्महाऊसच्या हिरवळीवर हैबतरावांच्या पंचाहत्तरीचा सत्कार चालला होता. मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून धुळा धनगर ऐकत होता आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. हैबतरावांचा एकही सिनेमा त्यानं सोडला नव्हता. आधी जत्रेच्या तंबूत बघितले, पुढं मोबाईलवर बघितले. पाटील झालेल्या हैबतरावांना त्यानं तोंडभर शिव्या दिल्या होत्या आणि बाप झालेल्या हैबतरावांसाठी घोंगडीत तोंड खुपसून रडला होता.

आज मात्र तो कौतुकाला आला नव्हता. घोडं अडलं होतं पाण्यापाशी. मेंढरांची नदीवर उतरायची वाट हैबतरावांनी घेतलेल्या जमिनीतून जात होती, आणि यंदा कळप घेऊन खाली यावं तर वाटेवर तारेचं कुंपण. अल्याड पल्याड नुसती फार्महाऊसं. दुसरी वाट उरलीच नव्हती. परवापासून मेंढरांच्या तोंडाला पाणी नव्हतं. सकाळी एका गाभण मेंढीनं मान टाकली होती. तिच्यापाशीच, तारेपलीकडं, धुळाची बायको अंबाबाई कळप आवरत बसली होती.

जमीन विकली गेली तेव्हा भावकी म्हणाली होती, वाट लिहून घे. धुळा हसला होता. "ज्यानं बिरोबाचा भंडारा उचललाय, त्यो वाट अडवंल व्हय?" धनगराच्या सिनेमातला भंडारा उचलून शपथ घेण्याचा तो प्रसंग ह्याच माळावर घेतला होता. हळदीचा तो भंडारा खरा होता, देवळातला. धुळाच्या बापानं तो आपल्या हातानं हैबतरावांच्या ओंजळीत घातला होता. आणि भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे शब्द, समोर पंच असोत नाहीतर कॅमेरा. तेव्हा हे कुंपण मॅनेजरचं असणार, हैबतरावांना त्याचा पत्ताही नसणार, अशी धुळाची खात्री होती. आठवण करून दिली की काम झालं.

फाटकावरचा जालिंदर गावातलाच. "पाया पड, बोल आन नीघ," त्यानं आत सोडताना बजावलं होतं. "माझी नोकरी घालवू नगंस."

भाषण संपलं तसा धुळा पुढं गेला आणि हैबतरावांच्या पाया पडला.

"कोण रे तू?"

"धुळा. तुमच्या सिनेमात मेंढरं आमचीच व्हती, सायेब. भंडारा माझ्या बानं दिला व्हता."

हैबतरावांचा चेहरा उजळला. "अरे, बघा, बघा! हा माझा खरा प्रेक्षक!" त्यांनी त्याला जवळ ओढलं. भोवती मोबाईल वर झाले.

धुळानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. "तवा तुमी ह्यो उचलून बोलला व्हता. तेवढी याद द्याया आलोय."

"पुन्हा करून दाखवू म्हणतोस?" हैबतराव हसले.

"सर, प्लीज! एकदाच!" ऋतिकानं माईक पुढं केला. खुर्च्यांतूनही "करा, करा" सुरू झालं.

हैबतराव उठले. वाकलेली पाठ ताठ झाली, म्हातारा कुठल्या कुठं गेला. त्यांनी मूठभर भंडारा घेतला, कपाळाला लावला. कुंपणापलीकडं मेंढरं ओरडत होती, तिकडं नजर लावून ते बोलू लागले.

"बिरोबाच्या नावानं सांगतो. जवर ह्या कुडीत जीव हाय, तवर ह्या वाटंवर मेंढराला कुनी अडवनार न्हाई. आन अडवलं, तर माझा वंस बुडंल!"

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं. हा प्रसंग धुळाला तोंडपाठ होता, पण इतका तो कधीच रंगला नव्हता. त्याच्या अंगावर काटा आला. दोन दिवसांचा घोर एका क्षणात उतरला आणि त्यानं हैबतरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. सगळा मांडव उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"मग सोडू आता मेंढरं?" धुळानं उठत विचारलं.

"कुठं?" हैबतराव नॅपकिननं हाताचा पिवळा रंग पुसत होते.

"नदीला. तारंतनं. तुमी आत्ताच बोलला न्हवं का, भंडारा उचलून!"

हैबतरावांनी नॅपकिन खाली ठेवला. कशाबद्दल चाललंय ते त्यांना आत्ता उमगलं.

"ते कुंपण मीच घालायला सांगितलंय, बाबा," ते म्हणाले. "जनावरं आली की हिरवळ राहत नाही." आवाज अगदी साधा होता. एवढं वाक्य मात्र त्यांनी अभिनय न करता म्हटलं. मग ते आचाऱ्याकडं वळले. "याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका रे."

फोटोसाठी माणसं पुढं सरकली आणि धुळा मागं ढकलला गेला. जालिंदरनं त्याला कोपराला धरून फाटकाबाहेर काढलं.

धुळा कुंपणाला वळसा घालून कळपापाशी आला. आणखी एक मेंढी खाली बसली होती. अंबाबाई लगबगीनं उठली.

"काय म्हनलं?"

"शपथ घेतली."

"भंडारा उचलून?"

"व्हय."

अंबाबाईनं देवाला हात जोडले. पदर खोचून तिनं मेंढरांना हाळी घातली, मग धुळा जागचा हलेना म्हणून थांबली. "मग? आता काय ऱ्हायलं?"

धुळा मेंढीपाशी बसला. तिच्या तोंडावर बसलेल्या माश्या हातानं हाकलल्या.

"काय न्हाई," तो म्हणाला. "लोकांनी टाळ्या वाजिवल्या."